बेलभंडार आणि कडूबाची विहीर

१९ जानेवारी २००३

भिवाच्या थोबाडीत मारली. भर पारावर, सगळ्यांसमोर! हात अजून झणझणतोय.

जालन्याच्या शिबिरातून परवा आले तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. तिथे एका प्राध्यापकाने सांगितलं, पृथ्वी तापत चालली आहे, पाऊस असाच दगा देत राहणार, आणि माणसाने आपली वाढ थांबवून आहे त्यापेक्षा कमी घेतलं तरच पोराबाळांना काही उरेल. बाकीचे सरपंच पेंगत होते. माझ्या अंगावर काटा आला. तो जगाचं सांगत होता, पण मला आमचंच गाव दिसत होतं – दरसाल बोअर खोल, दरसाल पाणी त्याच्याही खाली, आणि तरी प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा मोठा बागायतदार व्हायचंय.

हेच पारावर सांगत होते. टँकर आला नव्हता, माणसं तापलेली. भिवाच्या जिभेला हाड नाही. म्हणाला, सरपंचबाईला जालन्याचं ऊन लागलं. सगळे हसले आणि माझा हात उठला. आता गाव म्हणणार, कमी घ्या सांगणारी बाई मारते मात्र भरपूर.

२६ जानेवारी

ग्रामसभा. ठराव मांडला – पाच वर्षं नवी बोअर नाही, नवी विहीर नाही, ऊस नाही, मोसंबीची नवी लागवड नाही, मोटार फक्त सकाळची. शेवटचं वाक्य संपायच्या आत शिट्ट्या!

साहेबराव भाऊजी उभे राहिले. माझे चुलत दीर, गावातले सगळ्यात मोठे बागायतदार. म्हणाले, मुंबईचे दिवे आधी बंद करा, औरंगाबादचे कारखाने बंद करा, मग आमच्या मोटारीला हात लावा. टाळ्या पडल्या. खोटं कुठे बोलले? शहर ढोसणार आणि आम्ही तोंड पुसायचं, हा कुठला न्याय? पण शहराने विष खाल्लं म्हणून आपणही खायचं का! हे मला तिथे सुचलं नाही. घरी येऊन चुलीशी सुचलं.

मागे बौद्ध वस्तीतली माणसं बसली होती. त्यातले कडूबा उठले. मी त्यांना अहो-जाहो करते, भावकीला ते खुपतं. शांतपणे म्हणाले, "बाई, ज्याच्याजवळ हाय त्यानं कमी करावं. आमच्याजवळ कमी करायला काय हाय, ते सांगा. मी घरी जाऊन बघतो."

त्यावरही हसले. ठराव पडला.

४ फेब्रुवारी

शाळेच्या भिंतीवर मी स्वतः गेरूने 'बास' लिहिलं होतं. नुसतं बास. रात्रीतून त्यावर शेण फासलं. सकाळी पुसत होते तर मागून दगड आला, कानामागे लागला. रक्त बघून अंग पेटलं. वळून अशा शिव्या दिल्या की शाळेतले मास्तर खिडकी लावून आत गेले. कोण होतं दिसलं नाही. दगड मात्र चांगला आहे, मीठ-मिरची वाटायला घेतला.

१७ फेब्रुवारी

अर्धी मोसंबी तोडली. आपल्या हाताने.

दुसऱ्याला सांगून कोणी ऐकत नाही. आधी आपलं जळावं लागतं. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. जायच्या आधी त्यांनी आणि आमच्या मुलाने, धर्मराजने, ती बाग लावली होती. धर्मराज तेव्हा शाळेत होता, कळशीने पाणी घालायचा. आता चोवीस वर्षांचा आहे आणि बागेशिवाय त्याला दुसरं काही सुचत नाही. त्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तोडताच आली नसती.

पहिलं झाड पडलं तेव्हा तो धावत आला. झाडाला फळ होतं. माझ्या हातातून कुऱ्हाड हिसकावली, वर उचलली. माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता मारतो! मी हलले नाही. त्याने ती माझ्या बाजूच्या झाडावर घातली. मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. फळं मातीत फुटत होती, चिखल झाला नुसता. मी म्हटलं, अर्धीच तोडायची आहे, थांब. त्याला ऐकू येत नव्हतं. शेवटी गड्यांनी धरलं.

गाव बांधावर जमलं होतं. आज कोणी हसलं नाही.

१८ फेब्रुवारी

धर्मराज जेवला नाही. हाताला फोड आलेत. तेल लावू दिलं नाही.

२ मार्च

बाग तोडल्याचा परिणाम झाला. कालपर्यंत तोंड फिरवणारे ओट्यावर येऊन बसतात, विचारतात, खरंच का हो पाऊस असाच राहणार? मी शिबिरातलं सगळं सांगते. बायका सर्वांत आधी वळल्या, हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो. भिवासुद्धा आला. गालाला हात लावून बसला, ते वेगळं!

आज भाऊजी आले. आवाज मऊ. म्हणाले, "वहिनी, ग्रामसभेत वर केलेला हात घरी जाईस्तोवर खाली येतो. खंडोबाच्या देवळात बेलभंडार उचला. मंग बघा कोनाची छाती व्हती मोडायची."

मला एकदम पटलं. या गावात बेलभंडार उचलून कोणी शब्द मोडला, असं ऐकिवात नाही. बांधाची भांडणं, वाटण्या, कोर्टाने वर्षानुवर्षं घोळवलेलं सगळं हातातल्या हळदीवर आणि बेलाच्या पानावर मिटतं. येत्या रविवारी ठेवलं.

९ मार्च, रविवार

काय सांगू! पाय ठेवायला जागा नव्हती. एकेक घर पुढे येत होतं, बेलाचं पान आणि भंडारा ओंजळीत घेत होतं, म्हणत होतं – पाच वर्षं नवी बोअर नाही, नवी विहीर नाही, ऊस नाही, मोटार फक्त सकाळची. येळकोट येळकोट! अंगणात पिवळा धूर झाला. भाऊजींनी पहिला मान घेतला. धर्मराजही पुढे आला. त्याने मूठ इतकी आवळली की पान चुरगळलं. बाग तोडल्यापासून तो माझ्याशी बोलला नव्हता, आज म्हणाला, "माय, आता सगळ्याची बराबरी झाली पाह्यजे."

वस्तीतलं कोणी आलं नाही. देवळातून परत येताना कडूबा वाटेत भेटले. म्हणाले, "आमी देव सोडायच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेली मानसं. बेलभंडार कसा उचलनार? तुमाला ठाऊक व्हतं बाई. ग्रामसभेत इचारलं असतं तर बोललो असतो."

मी म्हटलं, गोष्ट तीच आहे कडूबा, देवळात काय न् सभेत काय. ते वस्तीच्या वाटेला लागले. ऊन रणरणत होतं, मलाही घरी जायची घाई होती.

२७ मार्च

गावातल्या संपतने शपथ मोडून गुपचूप बोअरची मशीन बोलावली होती. धर्मराज आणि त्याने जमवलेली गावातली पोरं गेली. मशीनचे टायर जाळले. ड्रायव्हरचे दात पाडले. संपतला देवळापर्यंत फरफटत आणला आणि पायरीवर नाक घासायला लावलं.

धूर मी माडीवरून पाहिला. धर्मराजला चार गोष्टी सुनवायला हव्या होत्या. पण खरं लिहिते, बरं वाटलं. समजावून सांगून माझा घसा बसला, आणि हे एका सकाळी झालं.

११ एप्रिल

भाऊजींनी जुनी बोअर दुप्पट खोल केली! मशीन दिवसाढवळ्या आली, दिवसाढवळ्या गेली. माझी विहीर त्यांच्या बोअरच्या उताराला आहे, आज बादली नुसती चिखल घेऊन आली.

धर्मराजला म्हटलं, आता जा ना. तो म्हणाला, काका आहेत. म्हणजे संपतला नाक घासायला लावायचं आणि काकाला राम राम!

मीच गेले, विळा घेऊन. मोटारीची केबल तोडली. विजेचा दणका बसला तो बसलाच, वरून भाऊजींनी मनगट पिरगाळलं. विळा पडला. म्हणाले, शपथ नव्या बोअरची होती, ही जुनीच आहे. आणि हसले. मी त्यांच्या हाताला कडाडून चावले. पन्नाशीला आलेली सरपंच बाई दिराला चावते – लिहितानाही लाज वाटते. पण सोडलं नाही, त्यांनी मनगट सोडेपर्यंत.

माझी विहीर आटली ती आटलीच.

१ मे

ग्रामसभा. कडूबा उभे राहिले. त्यांना सरकारी योजनेतून विहीर मंजूर झाली आहे. वस्तीजवळचा त्यांचा खडकाळ तुकडा, वर्षानुवर्षं तालुक्याला खेटे घालत होते. चोरून खणली असती तर कोणी लवकर बघितलंही नसतं. पण माणूस सभेत येऊन सांगतो – आजपर्यंत वस्तीत पाण्याचं स्वतःचं एक भोक नाही, आम्ही शपथ घेतलेली नाही, तरी गावाला सांगून खणतो आहे.

मागून पोरं ओरडली, शपथ गावाची आहे! मी म्हणाले, सगळ्यांना नियम एकच. तोंडातून गेलं खरं. कडूबा वळले, बायको चांगुणाबाई शेजारी बसली होती तिला म्हणाले, चल.

ते बरोबर आहेत आणि त्याचाच मला राग आला होता. कमी करायचं म्हणजे ज्याने ओरपलं त्याने. ज्याचं ताट कोरडं त्याला उपास सांगायचा नसतो. इतकं साधं मला प्राध्यापकाच्या भाषणातून कळलं नाही.

३ मे

धर्मराजला बसवून सांगितलं, कडूबाच्या विहिरीला हात लावायचा नाही, मीच उद्या वस्तीत जाऊन सांगते की खणा. तो जेवत होता. ताट भिरकावलं. भिंतीला वरण लागलं.

"माझी बाग तोडली तवा मला इचारलं व्हतं का? माझी गेली ना? मंग कोनाचंच ऱ्हानार न्हाई."

मी म्हटलं, बाग मी तोडली, राग माझ्यावर काढ. मार मला. तो उठून गेला.

४ मे

वस्तीत गेले. सगळ्यांसमोर सांगितलं, माझं चुकलं, खणा. चांगुणाबाईने चहा केला. कडूबा म्हणाले, हेच पारावर येऊन सांगाल का? हो म्हणाले.

६ मे

पारावर सांगितलं. अर्धे उठून गेले. भाऊजी मोठ्याने म्हणाले, बेलभंडार सरपंचाच्या सोयीने वाकतो का? ज्याने स्वतः वाकवला तो बोलतो! पण टाळ्या त्यालाच.

२३ मे

अक्षर लागेल तसं लागो.

दुपारी भिवा पळत आला. कडूबांच्या विहिरीवर मारामारी झाली म्हणाला. पायात चप्पल नव्हती, तशीच पळाले. दगड काढायची यारी आडवी पडलेली, दोर कापलेला. वरती कोणी नाही. खाली बघितलं – खड्ड्यात कडूबा. सुरुंगाने फुटलेल्या दगडांवर पडलेले. एक पाय मागच्या बाजूला वळलेला. चांगुणाबाई कशी उतरली देव जाणे, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. मला वर बघून तोंड फिरवलं.

मारायला आलेल्यांनी आधी काठ्यांनी मारलं, मग ढकललं, मग वरून दगड टाकले. वस्तीतल्या म्हाताऱ्याने सांगितलं. नावं विचारली. तो म्हणाला, तुमच्या घरात इचारा. विचारायची गरजच नव्हती.

खाटेला दोर बांधून वर काढलं. ट्रॅक्टर कोणी देईना! ज्यांनी माझ्या बाग तोडण्यावर माना डोलावल्या त्यांनी दारं लावली. गावात पाणी घेऊन आलेला टँकर भिवाने आणला. टँकरच्या केबिनमध्ये परतूर, तिथून जालना. वाटूर फाट्यापर्यंत ते शुद्धीवर होते, ओरडत होते. नंतर ओरडणं थांबलं आणि ते जास्त वाईट होतं.

२४ मे

धर्मराज आज पोटभर जेवला. बाग तोडली त्या दिवसापासून पहिल्यांदा. भाकरी मागून घेतली. माझ्याशेजारी बसला. "बरं वाटून राह्यलं, माय," म्हणाला.

मी त्याला वाढलं. वाढलं मी! हात का झडले नाहीत?

३० मे

जालन्याच्या दवाखान्यात गेले. कडूबाचा पाय मांडीपासून काढला. पोलिस जबाब घेऊन गेले होते. जबाब – पाय घसरून पडलो.

मी म्हणाले, खरं सांगा, मी तुमच्या बाजूने उभी राहते. त्यांनी डोळे मिटले. चांगुणाबाई म्हणाली, झोपू द्या त्यांना.

१९ जून

मृग कोरडाच चालला आहे. गावात एकाही वावरात मशीन नाही. ऊस नाही. मोटारी फक्त सकाळी चालतात. सगळे शपथेला धरून आहेत. भाऊजी सोडून, पण त्यांना कोण विचारतं?

८ जुलै

मंठ्याकडच्या गावांतून माणसं आली होती बघायला. गावाला कसं वळवलं, विचारत होती. भाऊजींनी हार घातले, बेलभंडाराची कथा सांगितली. एक जण वहीत उतरवून घेत होता. म्हणाला, आमच्याकडे लोक ऐकतच नाहीत हो बाई.

मी आत निघून गेले.

१५ ऑगस्ट

ग्रामसभा. तालुक्याहून साहेब आले. जानेवारीत पडलेला ठराव भाऊजींनी पुन्हा मांडला, शब्द न् शब्द माझाच. बाजूने कोण? सगळे हात वर. शिट्टी नाही, शब्द नाही. साहेब म्हणाले, असा एकमुखी पाठिंबा मी कुठल्या गावात बघितला नाही.

धर्मराज आणि त्याच्या टोळीतली पोरं दारात उभी होती. नुसती उभी. माणसं हात वर करायच्या आधी दाराकडे बघत होती.

मागच्या रांगेत चांगुणाबाई होती. तिनेही हात वर केला. कोपर कानाला लावून, शाळेतल्या पोरीसारखा, सगळ्यांना दिसेल असा. साहेबांनी हात खाली घ्या म्हटल्यावरही तिने बराच वेळ घेतला नाही.

हेच मागत होते मी. जानेवारीपासून हेच.

१६ ऑगस्ट

परतूरच्या ठाण्यात गेले. फौजदार म्हणाले, बाई, जखमीचाच जबाब आहे घसरून पडलो, आणि तुम्ही पोटच्या पोराचं नाव घालता? विचार करून या. मी म्हटलं, विचार करूनच आले, लिहा. धर्मराज, आणि त्याच्यासोबतची पोरं. पोरांच्या नावाला त्यांनी पुरावा मागितला. एकाचंच लिहिलं.

संध्याकाळच्या आत त्याला नेलं. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. भावकीने माझ्या दारावर धोंडे मारले, तुळस उपटून टाकली. भाऊजींनी अंगणात उभं राहून मला रांड म्हटलं. आज मी उलट बोलले नाही. मी केलं ते बरोबर केलं.

२ सप्टेंबर

सकाळी दार उघडलं तर चांगुणाबाई ओट्याखाली उभी. वर ये म्हटलं, आली नाही. धर्मराजला नेल्यापासून वस्तीचं दळण गिरणीवाला घेत नाही, कोणी वावरात कामाला बोलवत नाही, काल तिच्या दिराला रस्त्यात अडवून मारलं. मला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. मी दार लावून बसले होते, मला वाटत होतं सगळा मार मीच खाते आहे.

ती म्हणाली, "त्याचं नाव मागं घ्या, बाई. तुमचा एक आत गेला, बाकीचे समदे भाहेरच हायेत. विहीर आमीच बुजवून टाकतो. मी कालपासून माती टाकून राह्यले."

तिच्या हाताला ओली माती होती. खड्ड्याला पाणी लागलं होतं.

ती अजून खाली उभी आहे. वही बंद करते, तिच्याजवळ खाली जाते.